बावीस वर्षांचा अनुभव आणि पित्ताचे खडे

४ मार्च, दुपारी
पोटात उजवीकडे, बरगडीखाली कळ. काल मेहुण्याच्या रिटायरमेंटचं जेवण, तळणावर जरा आडवा हात मारला. गॅस. बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे. माणूस पोट कसं धरतो हे बघूनच गोळी सांगतो. स्वतःलाही सांगितली. बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. दाखवण्यासारखं काही नाही.

५ मार्च
बरं वाटतंय. निदान अचूक.

११ मार्च
परत. आता कळ पाठीतून थेट उजव्या खांद्यापर्यंत. खांद्याचा पोटाशी काय संबंध? सलाइनचे खोके उचलले, त्याचं असणार. म्हणजे आजार दोन, योगायोगानं एकाच वेळी. पोटाला गोळी, खांद्याला मलम. बायकोला नीट समजावलं. तिनं ऐकून घेतलं, एवढंच.
संकल्प: उद्यापासून तेलकट बंद.

१२ मार्च
संकल्प परवापासून. ऑम्लेट आधीच झालं होतं.

१९ मार्च
लघवी कोऱ्या चहासारखी. पाणी कमी पडतंय. एका गिऱ्हाइकानं विचारलं, डोळे पिवळे का दिसतात? म्हटलं, ट्यूबलाइट जुनी झालीय. नवी बसवून आरशात पाहिलं. हल्ली नव्या ट्यूबचाही उजेड पिवळाच.

२० मार्च
हुडहुडी भरून ताप. उलट्या. काउंटरखाली बसलो तो उठताच येईना. बायकोनं शटर ओढलं, गाडी बोलावली. मला कुणी काही विचारलं नाही.

२१ मार्च, हॉस्पिटल
सोनोग्राफी. सर्जनबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. कागदावर चित्र काढून दाखवलं. यकृत पित्त बनवतं, खालची पिशवी ते साठवते. तेलकट खाल्लं की पिशवी आवळते. आत खडे असले की एखादा तोंडाशी अडकतो, तीच कळ. खांद्यातलीसुद्धा तीच. माझा एक खडा पुढे नळीत जाऊन बसलाय. पित्ताला वाट नाही, ते रक्तात चाललंय. म्हणून कावीळ. तुंबलेल्या जागी जंतू वाढले, म्हणून ताप.
विचारलं, एखाद्या गोळीनं विरघळेल ना? म्हणाल्या, अजून दोन दिवस थांबला असता तर जिवावर बेतलं असतं. गॅस आहे असं सांगितलं कुणी?
म्हटलं, एका केमिस्टनं.
म्हणाल्या, त्याला माझ्याकडे पाठवा.
बायको खिडकीबाहेर बघत होती.

२२ मार्च
तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढला. सलाइनची सुई उजव्याच हातात. जास्त लिहवत नाही.

२६ मार्च
काल पोटाला चार भोकं पाडून पिशवीच काढली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं, मला भूल सहसा चढत नाही. त्यांनी दहापासून उलटं मोजायला लावलं. नऊपर्यंतचं आठवतंय.

३० मार्च, घरी
दुकान बायको सांभाळते. आज एक गृहस्थ पोटदुखीची गोळी मागायला आले, तिनं त्यांना सरळ डॉक्टरांकडे धाडलं. मी चिडलो. म्हटलं, साधा गॅस असेल, मला एक फोन करायचा. ती म्हणाली, दुखणं उजव्या बरगडीखाली होतं, खांद्यापर्यंत जात होतं.
भिंतीकडे तोंड करून पडावं म्हटलं, तर टाक्यांमुळे कूस वळेना. शेवटी तिलाच हाक मारली. तिनं वळवलं.