चित्रातली बाई वाकते

३ मार्च
आजपासून चिडायचं नाही. तसा मी चिडत नाहीच. पण बायकोने अट घातली आहे : प्रदर्शनापर्यंत घरात एकही वस्तू फेकली नाही, तर ती राहणार, नाहीतर कायमची भावाकडे. हसूच आलं. मी आजवर माणसावर हात उचललेला नाही. वस्तू भिंतीवर फेकतो. भिंत माझी आहे.
कामाला जोरात सुरुवात. रंग माझे, व्हायोलिन माझं, कॉम्प्युटर कोडवाल्याचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहायला ठेवलेल्या माणसाचा. पडद्यावर माझ्या ब्रशच्या फटकाऱ्यांनी बनलेली बाई. कॅमेऱ्यासमोर कुणी हात हलवला की ती सुरांवर नाचणार. चित्राचं नाव ‘बेधडक’.

५ मार्च
बाईला हालचाली शिकवायच्या म्हणून बायकोच्या अंगाला सेन्सरचे पट्टे बांधले. मी काय करतो, त्यावर ती काय करते, हे दिवसभर कॉम्प्युटर टिपणार. कोडवाला म्हणाला, दोघं नेहमीसारखे वागा.
वागलो. फक्त एक कप. तोही वायर पायात आली म्हणून. कप ठेवताना जरा जोर झाला, असं बायकोला सांगितलं. तिने विचारलं, कप भिंतीवर कोण ठेवतं? आणि थेट भावाला फोन लावायला घेतला. एवढा एक सोड म्हटलं, गयावया केली. सोडला.

१२ मार्च
बाईत बग, म्हणजे प्रोग्रॅममध्ये चूक! नाचते झकास. पण मी उजवा हात झटक्यात वर नेला की डोकं खाली घालून डावीकडे वाकते, कोपर कपाळावर. सूर नाही, ताल नाही. कोडवाल्याला म्हटलं, हे काढ. म्हणाला, हा बग नाही, ती शिकली आहे. कुणाकडून, असं विचारलं तर चष्मा पुसत बसला. आगाऊ माणूस.

१४ मार्च
कोडवाल्याच्या दिशेने माऊस गेला. वायरचा असल्यामुळे अर्ध्या वाटेवरून परतला आणि माझ्याच ओठावर बसला. रक्त, सूज. वस्तू पोचलीच नाही, तेव्हा हे फेकण्यात धरायचं नाही. शिवाय स्टुडिओ म्हणजे घर नव्हे, मधे दार आहे. बायकोला हे सविस्तर समजावलं. तिने कापूस दिला. पटलं असावं.

१९ मार्च
कोडवाला काम सोडून गेला. जाताना दार आपटलं. लोकांना राग आवरत नाही.
बग स्वतःच शोधला. मिळाला नाही. कीबोर्ड गुडघ्यावर मोडला. मोडला, फेकला नाही. बटणं घरभर. बायकोने सोफ्याखालून एक बटण शोधून माझ्या पुढ्यात ठेवलं. ‘ढ’चं होतं. गुडघा काळानिळा.

२२ मार्च, सकाळ
आज उद्घाटन. डोकं एकदम थंड. बायको येणार आहे. बॅग भरून येणार आहे, पण येणार आहे. माझं यश बघितल्यावर बॅग उघडेल.

२३ मार्च
काल हॉल गच्च भरला होता. व्हायोलिन सुरू झालं, लोकांनी हात हलवले, बाई नाचली. टाळ्या. गॅलरीच्या मॅडम म्हणाल्या, कलाकाराने पुढे यावं. गेलो. लोकांचे आभार मानायला ऐटीत उजवा हात झटक्यात वर केला.
बाई वाकली. लोक हसले, त्यांना गंमत वाटली. मी सांगितलं, हा बग आहे, आणि दाखवायला पुन्हा हात वर केला. पुन्हा वाकली. आता माझं टाळकं सटकलं. पडद्याकडे बघून ओरडलो, सरळ उभी राहा, आणि हात जोरात वर नेला.
हसणं थांबलं. मागे वळलो तर पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं. लोक बाजूला सरकले होते आणि मधे माझी बायको उभी होती. डोकं खाली, डावीकडे वाकलेली, कोपर कपाळावर.
इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तिने बॅग उचलली आणि गेली.
माझ्या हातात काहीच नव्हतं. हे तिला सांगायला सकाळपासून फोन करतोय. तिचा भाऊ उचलतो आणि ठेवतो.