हिरवी रेघ

प्रिय सुईबाई,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. रोज सकाळी आपण एकाच पानावर भेटतो आणि तरी आई टपालाने पत्र पाठवते, म्हणजे साठी बुद्धी नाठी, असं तू म्हणशील. खुशाल म्हण. पण हे मला शाईनेच लिहायचं होतं.

तुझ्या शिवणाच्या विद्यार्थ्यांसाठी कटिंगचं पुस्तक आपण दोघींनी मिळून ऑनलाइन लिहायचं, ही तुझी कल्पना मला आधी थट्टाच वाटली होती. चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईने एका बोटाने अक्षरं शोधत बसायचं. पहिले आठ दिवस ‘मुंढा’, बाही जोडतो तो, हा एक शब्द लिहायला मला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात मी अख्खा सदरा बेतला असता. मग वाचनालयातल्या बुधवारच्या वर्गात नाव घातलं. ग्रंथपालबाई शिकवतात. आम्ही सहा जण, सगळे चष्मेवाले. निवृत्त पोस्टमन पासवर्डची चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवतात आणि डबी घरी विसरतात. दातांच्या डॉक्टरीणबाई चूक झाली की लॅपटॉपलाच सॉरी म्हणतात. त्यातल्या त्यात मी हुशार आहे, पण आपलीच टिमकी किती वाजवायची.

आता मी सहाला उठते, कटिंगच्या टेबलावरचं कापड बाजूला सारते आणि पान उघडते. खिडकीतून कोवळं ऊन येतं, खडूच्या धुळीवर पडतं, आणि थोड्या वेळाने पानावर कुठेतरी तुझी हिरवी रेघ लुकलुकायला लागते. वर तुझं नाव. मी अजून अर्धी झोपेतच असते. अक्षरं आपोआप उमटत जातात आणि वाटतं, इतक्या लांबून येऊन तू शेजारच्या स्टुलावर बसली आहेस. एकदा मी लिहिलं होतं, शिवणीसाठी अंदाजाने माया सोडावी. तू लगेच बाजूला विचारलंस, अंदाजाने म्हणजे किती सेंटिमीटर? मी डोळे मिटून नेहमीसारखा कापडाचा काठ चिमटीत धरला आणि मग टेप लावली. पावणेदोन. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तरंगत होते. कधीकधी तू काही लिहीत नाहीस, रेघ नुसती एका जागी उघडझाप करत राहते. मग मीही हात थांबवते आणि बघत बसते. परवा दुपारी डुलकी लागली, तर स्वप्नातही ती कापडावरून संथपणे पुढे चालली होती आणि मी मागून कात्री घेऊन निघाले होते. चहा बहुतेक रोज गार होतो.

खरं सांग, एका घरात असताना आपलं असं कधी जमलं का? विळ्याभोपळ्याचं सख्य होतं आपलं. सतराव्या वर्षी तू बेतलेला पहिला कोट मी गिऱ्हाइकासमोर उसवला, आणि तू तीन आठवडे माझ्याशी बोलली नाहीस. तो कोट तितका वाईट नव्हता गं. बाही जराशी ओढत होती, एवढंच. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

दोन आठवड्यांपूर्वी तू फोनवर तुझ्या घरातली माझी खोली दाखवलीस. फिकट निळा रंग, मला आवडतो तोच. खिडकीशी मशीनसाठी जागाही करून ठेवली आहेस. मी छान म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात इथली जागा सोडून येते असं कबूलही करून बसले. तुझा चेहरा इतका फुलला होता की दुसरं काही तोंडातून निघेना.

या बुधवारी ग्रंथपालबाईंनी नवीन धडा दिला. म्हणाल्या, अशा पानावरून पुसलेलं काही जात नाही. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय लिहिलं आणि काय पुसलं, ते ज्याच्या त्याच्या नावानिशी मागे जाऊन बघता येतं. पोस्टमनना फार मौज वाटली. मी मात्र लॅपटॉप मिटून टाकला. कारण गेले अकरा दिवस तुझी रेघ यायच्या आधी मी तिथे एकच ओळ लिहीत होते आणि तू यायच्या आत पुसत होते. तुला ती अवचित तिथे सापडण्यापेक्षा माझ्या हाताने देते. मला तुझ्याकडे राहायला यायचं नाही. खोली सुंदर आहे आणि तू ती मायेने सजवली आहेस. पण एका छपराखाली आलो की पंधरा दिवसांत मी तुझं काहीतरी उसवायला लागेन, तू दार लावून घेशील, आणि सकाळी ते पान कुणीच उघडणार नाही. तू मला खऱ्या अर्थाने तिथेच भेटलीस, आणि भेटून वर्षही झालेलं नाही. मला ते इतक्यात सोडवत नाही. तुला वाईट वाटेल, मलाही वाटतंय. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी सहाला पान उघडून बसेन. रागावलेली असलीस तरी ये. जे मनात येईल ते लिही, फक्त पुसू नकोस.

तुझीच,
आई