शकुनच्या उपासांचं उद्यापन

२ नोव्हें., रविवार
एकादशी. उद्या सोमवार. गुरुवार त ठरलेलाच. देवांचे दिवस सरत नाईत न् माझ्या नणंदेचे उपास सरत नाईत. चाळिशीची बाई, मनगट माझ्या पोरीच्या मनगटाएवढं. घराचा सैपाक तीच करते, वाढते, "वयनी, आणखी घे ना" म्हणते. स्वतः ताटावर बसायच्या वेळेला तिले काहीतरी काम आठवते. आज दुपारी आमच्याकडं पाठ करून उकडलेले शिंगाडे खाल्ले, दोन-चार. आपल्याच तलावातले. मी म्हटलं, "हे का जेवण झालं?" तशीच उठून गेली. उगाच बोलली मी.

५ नोव्हें.
नळावर कौशल्याबाई, चार बायांसमोर: "मंदा, नणंदेले पोटभर देत जा व. हाडं दिसून राह्यली तिची." अंगाचा तिळपापड झाला. सासू गेल्यापासून ताट घेऊन मीच मागंमागं फिरून राह्यली हिच्या. पण भावजय म्हटली का उपाशीच ठेवणार, असं सगळ्यांच्या डोक्यात. न् हीच कौशल्याबाई गुरुवारी शकुनच्या पाया पडते, "काय कडक उपास बाई तुझे!"
पिण्याच्या पाण्याचा गुंड उचलला न् आली.

१२ नोव्हें., बुध.
चंद्रपूर. ह्यांनी माशाचं जाळं भावकीतल्या एकाकडं दिलं न् संगं आले. डॉक्टरबाई चांगली वाटली. आमाले बाहेर बसवून शकुनसंग बोलली, मंग मले बोलावलं. म्हणे हा आजार आहे, हट्ट नाही. लग्नाच्या आधीपासूनचा आहे, वीस वर्षांच्या वर झाली, एकदम जाणार नाही. कदाचित पुरता जाणारही नाही. जेवणावरून भांडू नका. जेवढं खाते तेवढं बंद पाडू नका, त्यातच थोडी थोडी भर घाला.
सासरच्यांनी गोंडपिपरीहून परत आणून टाकली तेव्हा कोणी म्हणे बाहेरचं लागलं, कोणी म्हणे नखरे. आजार आहे हे सांगाले इतकी वर्षं लागली.
येताना बसमध्ये मले विचारते, "वयनी, मी पागल आहो का व?" मी म्हटलं, "नाई व." ती खिडकीतून पाहत राह्यली सिंदेवाही येईस्तोवर.

२४ नोव्हें., सोम.
काल भात खाल्ला आमच्यासंग. खुश झाली मी. मंग मोरीत नळ सोडून ओकून काढला. आमाले माहीत आहे, हे तिलेही माहीत आहे. तरी नळ सोडते.
आज म्हटलं थोडं वरण घे. "सोमवार आहे न् वयनी." संपलं. देव मधात आणला का कोणाची छाती आहे बोलाची? ह्यांचीबी नाई.
डोकं फुटायची पाळी आली. वीट आला मले.

२६ नोव्हें.
सुचलं! व्रत सोडाचीही रीत आहे ना. उद्यापन. रीतीनं सोडलं का दोष नाई. मंग कोणत्या तोंडानं म्हणंल सोमवार आहे म्हून? ह्यांना सांगतलं. आधी हसले, मंग म्हणे, "तुझं डोकं भलतंच चालते व." पूजा सांगणाऱ्या महाराजांले विचारून आले. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार धरा, सगळ्या उपासांचं एकदमच करून टाकू म्हणे.
शकुनले सांगतलं. तांदूळ निवडत होती, निवडत राह्यली.

१८ डिसें., गुरु.
झालं! सात सवाष्णी जेवल्या. पुरण शकुननंच शिजवलं, वडे, कढी, सगळं. महाराजांनी तिच्या हातून पाणी सोडवलं, म्हणे तुझी सगळी व्रतं देवाले पोचली, आता कोणताच उपास तुझ्यावर नाई. मंग पाटावर बसून सगळ्यांसमोर तिनं अख्खी पुरणपोळी खाल्ली. ह्यांचे डोळे भरून आले. कौशल्याबाई म्हणे, "सुटली बाई तू!"
बाया गेल्यावर मोरीत गेली. लई वेळ. म्हटलं, एक दिवस चालते. मी आज खुश आहो.

२२ डिसें., सोम.
सकाळी उठून सवयीनं शिंगाडे उकडले तिनं. मंग पोरांपुढं ठेवले. म्हटलं, "तू घे ना."
"आज माझा उपास कुठी आहे, वयनी? उपास नाई त शिंगाडे कशे खाऊ?"
"मंग भात खा."
उठून भांडी घासाले गेली.
दिवसभर पाण्यावर.

२५ डिसें., गुरु.
आजही तेच. केळ नाई, दूध नाई.
आता समजलं मले. सोमवारी शिंगाडे, गुरुवारी केळ न् दूध, चतुर्थीले भगर. देवानं चालते म्हटलेलं तेवढंच तिच्या घशाखाली उतरत होतं, न् तेवढंच पोटात राहत होतं. उपासाच्या दिवशी मोरीतला नळ कधी वाजला नाई, हे माझ्या ध्यानातच आलं नाई. बंद पाडू नका, भर घाला, असं डॉक्टरबाई स्पष्ट सांगत होती. मी पाट मांडून, सात बाया जेवू घालून बंद पाडलं.
कोणाले सांगू? ह्यांना सांगतलं. जाळं विणत होते. म्हणे, "तू चांगल्यासाठीच केलं." मले ते ऐकूनच रडू फुटलं.

३० डिसें.
चुलीपाशी चक्कर येऊन पडली. सिंदेवाहीले नेलं, सलाईन लावलं. तिथले डॉक्टर म्हणे चंद्रपूरले भरती करा, उशीर करू नका. तिनं सुई काढून टाकली, मी जात नाई म्हणे. हे तिथंच ओरडले, "मराचं असंल त मर मंग!" न् बाहेर जाऊन भिंतीले डोकं टेकवून रडले. सख्खी बहीण आहे शेवटी.
घरी आणली. माझ्याही मनात आलं, एकदाची सुटावी. ती का मी, माहीत नाई. असं मनात येणारी बाई मी नव्हती.

२ जाने.
डॉक्टरबाईशी फोनवर बोलली. राजी करून आणा म्हणे, मी इथं आहे. राजी कशी करू? उद्यापनाचं सांगतलं. रागावली नाई. रागावली असती त बरं झालं असतं.

५ जाने., सोम.
दुपारी शकुन जवळ येऊन बसली. भिंत धरून आली. आवाज इतका बारीक का कान न्यावा लागला.
"वयनी, मले एखादा उपास सांग ना."
"काऊन?"
"सोडलेला परत धरला त पाप लागते. आपल्या मनानं नवा धरू त बी भेव वाटते. तू मोठी आहेस. तू सांगतला त चालंल."
खायचीच वाट मागून राह्यली होती पोरगी, तिच्या भाषेत. सांगू त आजाराले मीच पाट मांडून देते. नाई सांगू त हिले काय होईल ते दिसूनच राह्यलं आहे.
म्हटलं, "गावच्या देवीचा, मातामायचा धर. रोजचा. शिंगाडे खाऊनच करा लागते, न् वरून दूध."
"असा उपास कुठी आहे?"
"माझ्या माहेरी करतात."
खोटं. धडधडीत. तिलेही कळलं असंल, वीस वर्षांत माझ्या माहेरचं सगळं ऐकून आहे ती. तरी मान हलवली. मंग विचारते, "किती खाचे असते, वयनी?"
जास्त सांगीन त उठून जाईल. कमी सांगीन त जन्मभर तेवढेच खाईल, एक वर खाणार नाई. माझ्या तोंडाकडं पाहत होती, जसं का मीच मातामाय आहो.
म्हटलं, माहेरी फोन करून विचारते, उद्या सांगते.
"बरं" म्हणे, न् जाऊन निजली. आज तिनं काहीच खाल्लं नाई.