चॅनेल नऊवरचं बोलणं

प्रिय बोक्या,

ओठाचे टाके काल काढले. सोमवारी कोर्टात माझी साक्ष आहे. हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातले साहेब वाचणार, ते ठाऊक असूनही सगळं लिहिते.

अकरा वर्षं तू वर क्रेनच्या केबिनमध्ये आणि मी खाली हूक लावायला. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे शेडमध्ये जायचे, तू वरच डबा उघडायचास. वॉकीटॉकीची कळ सगळ्यांच्या चारवरून नऊवर फिरवली, की तिथे फक्त आपण दोघं. ‘बोल ना गं,’ म्हणायचास. मन असलं तर बोलायचे. नसलं तर ‘आज नको’ म्हणायचे, की तू निमूट जेवायचास. सुरुवातीला मला शब्दच सुचेनात. मग असे सुचायला लागले, की तुझ्या हातातला घास हातातच राहायचा. लग्नातून मला मिळालेलं सगळ्यात चांगलं तेच.

त्या दिवशी कळ फिरवायला मी विसरले. ‘खाली उतर, तुझ्या शर्टाची बटणं दातांनी काढते, पुढचं सावकाश,’ हे अख्ख्या शेडनं ऐकलं. फिटर म्हणाला, ‘वहिनी, आमच्याही शर्टाला बटणं आहेत हो!’ सगळे हसले. खरं सांगू? मीही हसले. चूक माझी, फजितीही माझीच.

तू शिडी उतरलास तो मोठा पाना घेऊनच. पहिल्या घावात फिटरचा जबडा मोडला. तो पडल्यावरही तू मारत राहिलास, मोजून मारावं तसं, एका लयीत. मी हात धरला, तर तुझं कोपर माझ्या तोंडावर बसलं. चौघांनी तुला ओढलं तोवर त्याचा डावा डोळा गेला होता. दवाखान्यात त्याच्या बायकोनं विचारलं, ‘एवढं काय बोलला हो हा?’

काल तुझा वकील आला. त्याचं म्हणणं, मी कोर्टात सांगायचं, की ते घाणेरडं बोलणं फिटरचं होतं, तो रोज मला छळायचा. म्हणजे तू सुटशील. ही कल्पना तुझीच, असंही म्हणाला. बोक्या, ते घाणेरडं नव्हतं. आणि ते माझं होतं. सोमवारी मी ते जसंच्या तसं सांगणार आहे, न्यायाधीशांसमोर, फिटरच्या बायकोसमोर. तू आत राहशील. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं.

संतापलेली, आणि अजून तरी तुझीच,
हूकवाली