सुनेच्या हातची आखणी

९ ऑगस्ट १९९९, सोमवार

हात हलला! गणपतीचा एक डोळा पेणला, दुसरा रोह्याला. बेचाळीस वर्षं डोळ्यांची आखणी करतोय, असं कधी झालं नव्हतं. पुसलं, परत आखलं — परत तेच. शेवटी कुंचला ठेवला आणि चहा प्यायलो.

गोविंदा म्हणाला, "बाबा, मी करू?" लेक गुणाचा, रंगकाम सुरेख. पण त्यानं डोळे आखले की देव भ्याल्यासारखा बघतो.

१२ ऑगस्ट

आमच्या हमरापुरात आखणी पुरुषानंच करायची. बायका माती मळतात, साच्यात भरतात, घासतात, रंगवतात. डोळे मात्र नाहीत. का? त्यांना महिन्याची अडचण. आणि डोळे आखले की मातीचा देव होतो. बापानं मला एवढंच सांगितलं, मीही पुढे विचारलं नाही.

१४ ऑगस्ट

आज गंमतच झाली! टाकाऊ मूर्त्यांच्या ढिगात एक फुटका गणपती. सोंड नाही, कान नाही, पण डोळे असे, की नुकताच मोदक खाऊन बसलाय! ओरडलो, "कोणी आखले हे?"

सून सरू पदरानं हात पुसत पुढे आली. "मी, मामंजी. फुटकाच होता, म्हणून..."

"गेल्या साली पण आखले होतेस?"

"दोनतीन. फुटकेच."

मला हसू आवरेना. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. हिरा घरात आणि मी गावभर आखणीवाला शोधतोय! म्हटलं, उद्यापासून आखणीच्या पाटावर तू.

गोविंदा रुसेल वाटलं होतं. तो म्हणाला, "सुटलो बुवा!"

१८ ऑगस्ट

शेजारच्या कारखान्याचा शिवा आला. "हैबतदादा, कुंचला सुनेला दिलास म्हणं? मग तू काय, भाकऱ्या थापणार?"

म्हटलं, "थापतोय की! चुलीशी ये, तुलाही शिकवतो." सगळे खो खो हसले. जाताना मात्र कानाशी लागला, "अन् महिन्याचे चार दिवस रे?"

ते डोक्यात बसलं. सरूला बोलावलं, त्या चार दिवसांत आखणी बंद म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली. मिटलं!

२७ ऑगस्ट

आज चाळीस गणपती! एकही नजर दुसरीसारखी नाही. एक तर माझ्या बायकोसारखा, धोंडुबाईसारखा बघतो — म्हणजे रागावलाय, पण मनातून नाही.

७ सप्टेंबर

उद्या मुंबईचा टेंपो येणार. साठ मूर्त्या डोळ्यांवाचून उभ्या, आणि सरू सकाळपासून अंगणात. उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलली, "मामंजी, न सांगता बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण तुमच्याशी खोटं नाय बोलवत. आज दुसरा दिवस हाय. बसू का नको, तुम्ही सांगा."

गोविंदा जमिनीकडे बघायला लागला. मी "बघतो" म्हणालो. काय बघणार, कपाळ! बस म्हणावं तर गाव काय म्हणेल. नको म्हणावं तर देव आंधळे जाणार, आणि खरं बोलल्याची शिक्षा पोरीला.

७ सप्टेंबर, दुपार

बायकोला विचारलं. धोंडुबाई शेवटची मूर्ती घासत होती. हातातला पॉलिश पेपर ठेवून हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईतो!

"अवो, इतकी वर्षं ही माती मळते मी. सीझनात त्या चार दिवसांत मला एकदा तरी बाजूला बसलेली बघितलीत का?"

आठवून बघितलं. नाही!

"तुम्ही कधी विचारलं नाय, मी बोलले नाय. शिवाच्या बायकोलाबी विचारा जा!"

सरूला म्हटलं, बस. आखायला बसलीय.