खाट नऊचं झाकलेलं ताट

२३ ऑगस्ट २०११, गोंदिया. संध्याकाळ.

औषधानं कुणाला अपाय झाला का, असं वॉर्डात विचारलं की सगळे नाही म्हणतात. म्हणून मी, इथली फार्मासिस्ट, विचारत नाही. साखर एकदम उतरली की शिरेतून ग्लुकोज देतात, त्याच्या रिकाम्या कुप्या मोजते. कालची एक कुपी खाट नऊची निघाली.

अर्जुनी मोरगावची म्हातारी. काल दुपारी इन्सुलिन दिलं आणि तासाभरात घामाघूम होऊन बेशुद्ध पडली. आज बरी आहे. पण जेवणाचं ताट खाटेखाली झाकलेलंच सापडलं होतं. श्रावणातला सोमवार. "उपास सांगतला असता त सिस्टर रागावली असती," सून म्हणाली.

औषधाच्या अपायाची नोंद मी ज्या फॉर्मवर करते, त्याचा शेवटचा रकाना: हे टाळता आलं असतं का?

सिस्टर माझ्या टेबलापाशी आली. "मी इचारलं होतं तिले, जेवशीन ना म्हणून. हो म्हणे. आता मले मेमो भेटन. तू मोजून राहिली म्हणून हे निंगून राहिलं, पोरी. आधी कुठं होतं?"

आधीही होतं.

ते झाकलेलं ताट डोक्यातून जात नाही. सिस्टरनं विचारलं होतं, हे खरं. भिंतीवर सूचनाच तशी आहे: रुग्णाला जेवणाबद्दल विचारून इन्सुलिन द्यावे. जेवताना पाहून, असं त्यात नाही. ती लिहिली कुणी? मीच, जूनमध्ये.

रकान्यात 'हो' लिहिलं. कारण: फार्मासिस्टची सूचना अपुरी. खाली माझं नाव. सही वाकडी आली, म्हणून नवा फॉर्म घेतला आणि पुन्हा तेच लिहिलं.