सगळ्या निबांना चालणारा होल्डर

बिबवेवाडी, पुणे
१४ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षा,

आशीर्वाद. मी अजून आईकडेच आहे. तिचे गुडघे सोडले तर इथे सगळं ठीक. तुम्ही सगळे बरेच असाल, त्यात विचारायचं काय!

तुझा मेसेज मिळाला. "वहिनी, सगळ्या निबांना चालेल असा ऑब्लिक होल्डर कुठला घेऊ?" त्या दिवसानंतर तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न. खराडीच्या ऑफिसात जीव रमत नाही, हाताला कॅलिग्राफीचा छंद हवा, असंही लिहिलंयस. वाचून फोन भिंतीवर फेकावासा वाटला. पण विचारलंच आहेस तर सांगते, शिकवायची माझी खोड जात नाही.

प्लॅस्टिकचा घेऊ नकोस. त्याची खाच एकाच मापाची, एक निब घट्ट बसते आणि दुसरी डुगडुगते. निब दांड्याच्या बाजूला तिरपी धरणाऱ्या पितळी पट्टीचा घे आणि पट्टीला बारीक स्क्रू आहे ना, बघ. तो सैल-घट्ट केला की जाड-बारीक कुठलीही निब बसते. नारायण पेठेत मिळेल. दुकानदार उपकार केल्यासारखा दाखवेल, तरी निब बसवून बघितल्याशिवाय हलू नकोस. निब तिरपी असली तरी तिचं टोक दांड्याच्या रेषेत यायला हवं.

आणि एक गोष्ट कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. तिरप्या होल्डरने माणूस भोसकता येत नाही.

तू पाहिलंस. मी नावं घातलेली, ऑर्डरच्या लग्नपत्रिकांची पाकिटं वाळत होती. रणजितचे मित्र आले, त्याने हाक मारली, मी म्हणाले, "एवढं एक नाव पुरं करते." त्याने तुझ्या हातातल्या ट्रेमधला चहा उचलला आणि सावकाश सगळ्या पाकिटांवर ओतला. मित्र हसले. माझ्या डोक्यात सणक गेली, हातातला होल्डर मी त्याच्या मानेवर मारला. हो, मानेवरच. तिरपी निब बाजूला दुमडली, कातडीवर काळा ओरखडा उठला फक्त. दांडा सरळ असता तर आज मी तुरुंगात असते. मला त्याचं वाईट वाटत नाही. निब चांगली होती, तिचं वाटतं.

मित्र पळाले. मग तुझ्या भावाने मला केसांना धरून दारापर्यंत ओढलं, माझी मूठ उघडली, बोटं एकेक करून चौकटीवर ठेवली आणि दार लाथेने आपटलं. उघडलं, पुन्हा आपटलं. तू ट्रे धरून उभी होतीस. हाडांचा आवाज तूही ऐकलास. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, हळू ओरड, शेजारी ऐकतील."

दोन बोटं आता वळणार नाहीत. हे कोंबडीचे पाय डाव्या हाताचे आहेत, हसू नकोस.

सासूबाईंनी पोलिसांना सांगितलंय की वाऱ्याने दार आपटलं. रणजितने उलट तक्रार दिली, बायको हत्यार घेऊन अंगावर आली. मित्रांनी ओरखड्यापर्यंतचंच पाहिलं. पुढचं पाहणारी तू एकटी. चौकीतले साहेब म्हणाले, "नणंद खरं बोलली तर केस उभी राहील, नाहीतर ताई, मिटवून घ्या." मिटवायचं म्हणजे त्याच दारातून आत जायचं. सोमवारी तुझा जबाब आहे.

माझी बाजू घे असं मी म्हणत नाही. मानेवर मारलं तेही सांग, मीही तेच लिहून दिलंय. फक्त वारा नव्हता, एवढं सांग. तू त्याला घाबरतेस हे मला ठाऊक आहे. लहानपणी त्याने तुझा कान फोडला, हे तू मला हसत हसत सांगितलं होतंस. तेव्हाही घरात वाराच सुटला असेल!

राग आहे, अपेक्षा, खूप आहे. त्याच्यापेक्षा तुझ्या त्या ट्रेचा जास्त आहे. तो तू अजून खाली ठेवलेला नाहीस.

इथे 'तुझी वहिनी' लिहायची सवय होती. सोमवारनंतर बघू.

शेफाली